घंटी : गैरहजर

३ मार्च, मंगळवार

मास्तर गेले. म्हणजे जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, फक्त ‘उल्कावीर’ सोडून गेले. सकाळी वर्कशॉपमध्ये एका पियानोचं पोट उघडून बसलो होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. दुपारपर्यंत आमच्या चाहत्यांच्या गटावर सहाशे निरोप! चार चित्रपट, अकरा वर्षं, आणि निवेदन दोन ओळींचं : ‘पाचव्या उल्कावीरचं संगीत मी करणार नाही. माझ्या जागी येणाऱ्या बाई उत्तम काम करतील.’ कारण दिलेलं नाही.

घरी येऊन हिला म्हटलं, ‘मास्तर गेले.’ ही हातातलं सगळं टाकून धावत आली. कळल्यावर म्हणाली, ‘अहो, मला वाटलं नात्यातलं कोणी!’ नात्यातलेच आहेत म्हटलं.

तिला कसं समजावणार? मी मुळात भित्रा माणूस. वडील वारले आणि वर्कशॉप एकट्याच्या अंगावर पडलं तेव्हा रोज सकाळी कुलपात किल्ली घालून मी तसाच उभा राहायचो. त्याच सुमारास पहिला उल्कावीर पाहिला. बाकीचे वीर छाती पुढे काढून उडतात. हा गच्चीच्या कडेला उभा राहतो आणि त्याचे गुडघे कापतात. व्हायोलिनही कापतात. मग सगळी वाद्यं थांबतात, आणि त्या शांततेत एकच बारीक घंटी वाजते, सुईच्या टोकाएवढी. एकदाच. आणि हा उडी मारतो. दुसऱ्या दिवसापासून मी ती घंटी मनात वाजवून कुलूप उघडायला लागलो. अकरा वर्षं चाललंय हे. हिलासुद्धा ठाऊक नाही.

आता ती घंटी कोण वाजवणार?

५ मार्च, गुरुवार

संगीतशाळेचा मोठा पियानो लावून आलो. मुख्याध्यापक बाई जवळ येऊन म्हणाल्या, ‘मागच्या वेळेपासून वरचे सूर टोचतात हो. मुलं कानावर हात ठेवतात.’ म्हटलं, खोली तापते, लाकूड फुगतं, तारा ताणल्या जातात. तीस वर्षांत मी लावलेल्या पियानोबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. बाई ‘हो का’ म्हणाल्या, पण त्या ‘हो का’त काही दम नव्हता. पुन्हा सगळं तपासलं. वरची शेवटची पट्टी नीटच आहे, थोडी कोरडी वाजते इतकंच.

येताना बागेतून चालत आलो. यंदा पक्षी फारच कमी. झाडं भरलेली आणि आवाज नाही, जरा भीतीच वाटते.

९ मार्च, सोमवार

नव्या बाईंनी पाचव्या चित्रपटातली पहिली धून आज सोडली. दोन मिनिटांची.

गटातला रिवाज असा : नवीन काही आलं की कानसेनची ‘हजेरी’ येईपर्यंत कोणी बरंवाईट बोलायचं नाही. कानसेन म्हणजे मी. कोणतं वाद्य, कुठून कुठपर्यंत, किती वेळा, असा शाळेच्या पटासारखा तक्ता मी करतो. तिसऱ्या चित्रपटात एक बासरी मागच्या रांगेत चार सूर वाजवून गप्प बसते, ती जगात पहिल्यांदा मी पकडली होती. तेव्हापासून चार हजार माणसं माझ्या कानांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. गिऱ्हाइकंही निम्मी त्यातूनच आली. वर्कशॉपच्या पाटीवर नावाखाली ‘कानसेन’ लिहिलंय ते उगाच नाही.

तर मोठे हेडफोन लावून तीनदा ऐकलं. व्हायोलिन हजर. ढोल हजर, जास्तच हजर. शिंगं हजर.

घंटी नाही.

चौथ्यांदा ऐकलं. नाही. छातीत एकदम रिकामं वाटलं. जिन्यात पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. मग लिहिलं : ‘घंटी : गैरहजर.’

१० मार्च, मंगळवार

एका दिवसात काय गदारोळ! ‘फटाका’ नावाचा एक तापट गडी आहे गटात, त्याने ‘घंटी परत द्या’ अशी हाक दिली आणि चार हजारांचे चाळीस हजार झाले. माझी हजेरी जिथे तिथे चिकटवलेली. खोटं कशाला लिहू, दुपारपर्यंत मी फुशारलो होतो. चहाचे तीन कप झाले.

एका नव्या मुलीने लिहिलं, ‘मला तर घंटी ऐकू आली, व्हायोलिनच्या आड आहे.’ तिच्यावर सगळे तुटून पडले. ‘कानसेनपेक्षा तुझे कान मोठे का?’ वगैरे. तासाभरात ती गट सोडून गेली. वाईट वाटलं. पण नसलेलं ऐकू येणं हाही एक आजारच.

संध्याकाळी चिमणीचा फोन. लेक आमची नोकरीच्या गावी राहते. ‘बाबा, घंटी आहे की त्यात.’ तुझ्या त्या नखाएवढ्या फोनवर काय कळणार, म्हटलं. ती पुढे काहीतरी पुटपुटली. हल्ली फार तोंडातल्या तोंडात बोलते. कामाचा ताण असणार.

१३ मार्च, शुक्रवार

नव्या बाईंनी स्वतः उत्तर दिलं. एवढंच : ‘घंटी आहे. एकोणपन्नासावा सेकंद. कृपया पुन्हा ऐका.’

गटाने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, चाळीस हजार माणसं माझ्याकडे पाहताहेत असं वाटलं. वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं. एकोणपन्नासावा सेकंद मी अठ्ठावीस वेळा ऐकला. हेडफोन बदलले. आवाज इतका वाढवला की ढोल दातांत वाजायला लागला. एकोणपन्नासाव्या सेकंदाला व्हायोलिन आहेत, बाकी काही नाही.

म्हणजे बाई खोटं बोलतात. पण इतकं उघडं खोटं कोण बोलेल? सेकंदाचा आकडा देऊन? हा प्रश्न मनात आला. तो तिथेच ढकलून दिला. ‘ठाम आहे’ असे दोनच शब्द गटावर टाकले. फटाक्याने खाली लिहिलं, ‘बाईंचा पत्ता मिळालाय.’

हे मला आवडलं नाही. पण मी काही बोललो नाही.

१५ मार्च, रविवार

चिमणी अचानक आली, न कळवता. हिने बोलावली असणार. का, ते सांगेनात.

मी स्वयंपाकघरात ओट्याकडे पाठ करून पेपर वाचत होतो. ही बाहेरून धावत आली आणि माझ्या अंगावरून हात घालून शेगडी बंद केली. ‘अहो, केटली केव्हाची शिट्टी मारतेय!’ म्हटलं, शिट्टी बिघडलीय, वाजलीच नाही. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलेलं नाही. मग म्हणाली, ‘बरं. नवीन आणू.’ हिच्याकडून वाद न होता गोष्ट मिटली याचीच धास्ती वाटली.

जेवण झाल्यावर चिमणीने खेळ काढला. मास्तरांच्या पहिल्या चित्रपटातला उडीच्या आधीचा तुकडा तिने दोनदा ऐकवला. एक तुकडा, मग दुसरा. ‘बाबा, घंटी कशात आहे?’

‘दोन्हीत. खणखणीत.’

‘दोन्हीत?’

‘अगं, झोपेतसुद्धा ओळखेन मी ती. हवं तर पुन्हा लाव.’

पुन्हा लावलं. दोन्हीत होती. अगदी सुईच्या टोकाएवढी, जिथल्या तिथे. पाहिलंस, म्हटलं, कान शाबूत आहेत तुझ्या बापाचे. खरंच जीव भांड्यात पडला, आठवडाभर नको नको ते मनात येत होतं. चिमणी हसली नाही. भांडी घासायला उठली. तिला भांडी घासायचा केवढा कंटाळा!

१७ मार्च, मंगळवार

घाबरलोय.

काल दुपारी फटाका आणि आणखी पाचसहा जण नव्या बाईंच्या घरी गेले. ‘घंटी हवी ना, घ्या घंटी’ म्हणत त्यांच्या दाराची बेल तासभर दाबून धरली. आळीपाळीने. चित्रीकरण करून गटावर टाकलंय. बटणावर एकाचं बोट, मग दुसऱ्याचं. हसताहेत. घरात बाई आणि त्यांची म्हातारी आई. शेवटी दार फटीएवढं उघडतं, साखळी तशीच, आणि म्हातारीचा चेहरा दिसतो. ती हात जोडते.

दाराच्या काचेवर त्यांनी एक कागद चिकटवला होता. मी मोठा करून पाहिला. माझी हजेरी. ‘घंटी : गैरहजर’, आणि खाली कानसेन.

गटावर लिहिलं, ‘हे थांबवा, असं करू नका.’ फटाका म्हणाला, ‘काका, तुम्ही फक्त ऐकायचं काम करा.’ दोनशे जणांनी त्याला टाळ्या दिल्या. हे लोक माझे होते असं मला वाटत होतं. खरं तर मी त्यांचा होतो, गळ्यात अडकवलेल्या पाटीसारखा. हिला काही सांगितलं नाही.

१८ मार्च, बुधवार

चिमणीचा फोन. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली, लहान मुलाशी बोलतात तसं.

‘बाबा, रविवारी मी दोन तुकडे लावले ना, त्यातल्या दुसऱ्यातून मी घंटी काढून टाकली होती. तिथे नुसती शांतता होती.’

‘मग मला ऐकू कशी आली?’

फोन चालू होता. तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे काही तरी ऐकू येतं.

‘तुला ती पाठ आहे रे बाबा,’ ती म्हणाली.

फोन ठेवला आणि वर्कशॉपमधल्या वडिलांच्या पियानोसमोर बसलो. डावीकडून सुरुवात केली, एकेक पट्टी. मधले सूर भरलेले, गोल. उजवीकडे सरकत गेलो. सूर बारीक होत गेले, होत गेले, आणि शेवटच्या बारा पट्ट्यांत सूरच नव्हता. नुसतं टक्. हातोडी तारेवर आपटते त्याचं तेवढं टक्. मी डोळे मिटून आठवलं की सूर येत होता. आठवायचं थांबवलं की टक्.

चिमणीने मागे फोनवर सूर मोजायचं एक काट्याचं यंत्र घालून दिलं होतं. ‘हे लुळ्यापांगळ्यांसाठी’ असं म्हणून मी ते कधी उघडलं नव्हतं. आज उघडून पियानोवर ठेवलं. शेवटची पट्टी दाबली. मला टक् ऐकू आलं आणि काटा थरथरून उजवीकडे गेला. तिथे सूर होता, आणि तो चढा होता. हा पियानो मी मागच्याच महिन्यात लावलाय. म्हणूनच संगीतशाळेतली मुलं कानावर हात ठेवत होती.

घंटी हजर होती. गैरहजर मी होतो.

आता हे कोणाला सांगू? सांगितलं तर पाटी उतरवावी लागेल. बहिऱ्याला पियानो लावायला कोण बोलावतं? दुसरं मला काही येत नाही. नाही सांगितलं, तर तिकडे ती म्हातारी दाराला साखळी लावून बसलीय.

आज नाही सांगितलं.

२० मार्च, शुक्रवार

मास्तर शेवटी बोलले. कोणीतरी फोनवर विचारलं, त्याचं उत्तर सगळीकडे फिरतंय : ‘मी दमलो म्हणून थांबलो, मला कोणी काढलं नाही. आणि ज्या घंटीसाठी तुम्ही माझ्या जागी आलेल्या त्या मुलीला छळता, ती चारही चित्रपटांत तिनेच वाजवलीय. मी फक्त कागदावर लिहिली होती.’

अकरा वर्षं रोज सकाळी कुलूप उघडताना मी ज्या हाताची घंटी मनात वाजवली, तो हात तिचा होता.

गट गप्प होईल असं वाटलं होतं. कुठला! फटाका म्हणतो, मास्तरांना धमकावून बोलायला लावलंय. कानसेन ठाम आहेत तोवर आपण ठाम. चित्रपट लागेल त्या दिवशी पुन्हा बाईंच्या दारी जायचं ठरतंय, या वेळी शंभर जणांनी.

माझ्या नावावर शंभर जण.

हिला सांगितलं, सगळं. केटलीपासून. ही म्हणाली, ‘मला दोन वर्षांपासून माहीत आहे. हाक मारताना मी तुमच्या समोर येऊन मारते, लक्षात नाही आलं?’ नव्हतं आलं. मला वाटायचं, वयाबरोबर माया वाढलीय. तसं म्हणालो तर हसली आणि रडलीही.

२५ मार्च, बुधवार

कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावतात, हातात एक बटण देतात. आवाज आला की दाबायचं. आधी जाडे आवाज आले, दाबत गेलो, शाबासकी मिळवणाऱ्या मुलासारखा. मग थांबले. बराच वेळ काही नाही. वाटलं, मशीन बंद पडलं. काचेतून पाहिलं तर तपासनीस बाईंचा हात चालू होता. त्या एकेक चकती फिरवत होत्या, माझ्याकडे पाहत होत्या, पुन्हा फिरवत होत्या. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. दोनदा लबाडीही केली, नुसताच अंगठा दाबला. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

कागदावरची रेघ मध्यापर्यंत सरळ येते आणि मग जिना उतरते. ‘वरचे आवाज गेलेत,’ बाई म्हणाल्या. ‘हळूहळू गेले असतील, म्हणून कळलं नाही. यंत्र लावलं तर बोलणं सुधारेल. बारीक घंटीबिंटीचं मी वचन देत नाही.’ त्यांच्या तोंडी नेमका तोच शब्द का यावा?

काम कसं होणार विचारलं. म्हणाल्या, काट्याचं यंत्र वापरा, बरेच जण वापरतात. त्यांना ते सोपं वाटलं. घरी येईपर्यंत मी हिचा हात धरून चाललो. रस्ता ओलांडताना खरोखरच भीती वाटली, कारण आता ठाऊक झालंय की मागून काय काय येत असेल आणि मला कळत नसेल.

संगीतशाळेला फोन करायचं ठरवलं. केला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आज पाचवा उल्कावीर लागला. बाईंच्या दारी जमायची वेळ संध्याकाळी सहाची. दुपारी बाराच्या खेळाला मी आणि ही गेलो. हिला असले उडणारे लोक मुळीच आवडत नाहीत. पहिल्या चित्रपटाला मध्यंतराआधीच झोपली होती. आज म्हणाली, ‘मी येते. घंटी मी ऐकते, तुम्ही बाकीचं ऐका.’

अंधार झाल्यावर तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्या पालथ्या हातावर बोट ठेवलं. मी मनाशी ठरवलं होतं, आठवायचं नाही. जे येईल तेवढंच घ्यायचं.

पहिली उडी. गच्ची, कापणारे गुडघे, कापणारी व्हायोलिन. या वेळी वाद्यं थांबत नाहीत, बाईंनी ती तशीच कापत ठेवलीत. भीती संपत नाही, चालूच राहते. आणि हिच्या बोटाने माझ्या हातावर एकदा टक् केलं.

त्याने उडी मारली. मला काहीही ऐकू आलं नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

सात वेळा टक् झालं. सातव्या वेळी ही स्वतःच दचकली होती, बोट जरा उशिरा पडलं. बाहेर येताना म्हणाली, ‘शेवटच्या वेळेला मला वाटलं, हा आता पडतोच.’ चित्रपट तिला आवडला. मान्य करणार नाही.

सव्वातीनला वर्कशॉपमध्ये येऊन बसलो. ही शेजारच्या स्टुलावर. हजेरी लिहिली. व्हायोलिन, शिंगं, ढोल, बासरी, सगळी जिथली तिथे. मग लिहिलं :

‘घंटी : हजर. सात वेळा. मोजणी कानसेनची नाही, त्याच्या बायकोची. कानसेनला घंटी ऐकू येत नाही. पहिल्या धूनमध्येही ती होती, एकोणपन्नासाव्या सेकंदाला, बाईंनी सांगितलं तिथेच. चूक माझ्या कानांची होती, आणि कळल्यावर नऊ दिवस गप्प बसलो ती माझ्या भित्रेपणाची. ज्या मुलीला आपण हुसकावलं तिला बरोबर ऐकू आलं होतं. आज बाईंच्या दारी जो जाईल त्याने माझ्या नावाचा कागद नेऊ नये. ज्यांचे पियानो गेल्या दोन वर्षांत मी लावलेत, त्यांचे वरचे सूर मी फुकट पुन्हा लावून देईन, यंत्राने.’

वाचून दाखवलं. हिने एक शब्दही बदलला नाही. पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवला आणि तो खाली जाईना. चाळीस हजार माणसं. संगीतशाळेच्या बाई. फटाका. वडिलांच्या हातची पाटी. गुडघे खरोखर कापत होते, स्टुलाचा पाय फरशीवर वाजत असावा, कारण हिने खाली पाहिलं.

घंटी आठवून पाहिली. या वेळी आठवेना.

तेवढ्यात हिने माझ्या पालथ्या हातावर बोटाने एकदा टक् केलं.

मी बटण दाबलं.